क्रमांक दोनशे चौदाची फांदी

प्रोफेसर एलायहू थॅक्स्टन यांनी सदतीस वर्षांत साडेआठशे वनस्पतींना नावं दिली. त्यांतल्या जेमतेम साठ त्यांनी जिवंत पाहिल्या होत्या. बाकीच्या वर्तमानपत्रात दाबून, वाळून टपालाने यायच्या. डोंगर तुडवायचे संग्राहकांनी आणि डोकं चालवायचं मॅसॅच्युसेट्सात बसून आपण, अशी त्यांची सरळ वाटणी होती.

त्या संग्राहकांपैकी एक लोविना प्रूइट. ओरेगॉनच्या पूर्वेला एका आडबाजूच्या वस्तीवर शाळा चालवणारी विधवा. सुट्टी लागली की घोडीवर बसायची आणि डोंगर गाठायची. तिचा दोनशे चौदावा नमुना म्हणजे एका झुडपाची फांदी होती. खाली रुंद, दातेरी पानं आणि वर सुईसारखी बारीक. प्रोफेसर पूर्वी एकदा फसले होते. कुणा बहाद्दराने एका डहाळीला दुसऱ्याच झाडाचं फूल डिंकाने चिकटवून पाठवलं, यांनी ते नवीन म्हणून छापलं आणि युरोपभर हसं करून घेतलं. म्हणून या वेळी त्यांनी बाईंना खडसावलं, 'दोन झुडपं एकाला एक जोडली की तिसरं होत नसतं.'

बाईंचं उत्तर आलं, 'झुडूप एकच आहे. त्याच्या सावलीत बसून मी जेवले आहे.'

प्रोफेसरांनी त्यावर पत्र लिहिलं नाही. वार्षिक यादीत मात्र छापलं, 'क्र. २१४, प्रूइट. भेसळ.' त्यानंतर ओरेगॉनहून पार्सल आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते जाणवलंही नाही.

सात वर्षांनी, म्हातारपणी, नव्या रेल्वेने ते पहिल्यांदाच पश्चिमेला निघाले. एका ठिकाणी इंजिन पाणी घ्यायला थांबलं, तसे पाय मोकळे करायला उतरले. रुळांशेजारी एक झुडूप होतं, बाईंच्या झुडपाचं चुलत भावंडच म्हणा ना. एकाच फांदीवर खाली रुंद पानं, वर सुया. प्रोफेसरांनी सांधा बोटांनी चाचपून पाहिला, डिंक कुठेच नव्हता. पुढचे सगळे बेत रद्द करून, घोडागाडीत दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेत ते प्रूइटबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मी थॅक्स्टन."

बाईंचे हात पिठाने माखलेले होते. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगबाई! अक्षरावरून मला वाटायचं, चांगले उंचेपुरे असाल."

"बाई, माझं चुकलं. झुडूप एकच होतं."

"ते मला ठाऊकच होतं की. आत या. घेवडा शिजलाय. आधी जेवा, मग काय ती माफी मागा."

जेवताना प्रोफेसरांनी सांगितलं की त्यांना हे झुडूप नवीन म्हणून छापायचंय, आणि तेही बाईंच्या नावाने. त्यासाठी ताजी फांदी हवी. बाईंचा चेहरा उजळला. तो लपवायला त्या उगाच चुलीशी गेल्या.

"माझ्या नावाने? अहो, तुमची यादी मी दर वर्षी शाळेत मिरवत वाचून दाखवायचे. त्या वर्षी पोस्टमास्तरानेच आधी फोडली. मेला अजून मला भेसळबाई म्हणतो!" त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. "त्यानंतर त्या झुडपाच्या उतारावर मी पाऊल टाकलं नाही. जीवच होईना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोंगरावर गेले. उतार होता, झुडूप नव्हतं. हिरवं असं काहीच नव्हतं. गेल्या काही वर्षांत मेंढ्यांचे हजारोंनी कळप आले होते आणि त्यांनी मुळापर्यंत सगळं फस्त केलं होतं. दुपारपर्यंत दोघांनी आसपासच्या तिन्ही घळी पालथ्या घातल्या. प्रोफेसर खडकावर मटकन बसले.

"जाऊ द्या हो," बाईच त्यांना समजावू लागल्या. "माझी फांदी आहे ना तुमच्याकडे? नाव द्यायला एक फांदी पुरते, तुम्हीच लिहिलं होतंत. पानं जिथे बदलतात तो सांधा नीट दिसेल अशी मी ती दाबली होती. आठ दिवस रोज कागद बदलले."

फांदीला कसर लागली म्हणून सांगता आलं असतं. क्षणभर तसं मनातही आलं. पण या बाईंशी खोटं बोलायला त्यांची जीभ वळली नाही.

"बाई, ती मी कापली. दोन वेगळी झाडं समजून दोन वेगळ्या कागदांवर चिकटवली. मधला सांधा कागदावर मावेना, म्हणून शेगडीत टाकला."

बाईंनी विचारलं, "कापण्याआधी भिंगातून पाहिली तरी होतीत?"

"नाही."

बाईंनी मान हलवली. घोडीच्या खोगिराला बांधून आणलेले कोरे कागद त्यांनी सोडले, पुन्हा नीट घडी करून बांधले आणि प्रोफेसरांना उठायला हात दिला.

"चला. उतरताना माझ्या मागोमाग या. तुम्हाला डोंगराची सवय नाही."