हॉटेलांची वाटणी

घर, गाडी आणि दिवाणखान्यातला कुणालाच न आवडणारा गालिचा यांची वाटणी चहा निवायच्या आत झाली. घोडं अडलं ते हॉटेलांपाशी.

ती दातांची डॉक्टर, तो पुलांची गणितं करणारा इंजिनिअर. दोघांना मिळून शौक एकच, बाहेर जेवण्याचा. सगळं लग्न त्यांनी या शहरातल्या टेबलांवर काढलं होतं. आता घटस्फोट घ्यायचाच तर एकमेकांचं तोंड कुठल्याही टेबलावर दिसता कामा नये, असं ठरलं. इतकं एकमत लग्नात कधी झालं नव्हतं.

पंच म्हणून त्याची थोरली बहीण बसली. ही नणंद शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे भांडणारी पोरं तिला नवी नव्हती.

कच्च्या माशाचं हॉटेल बायकोनं मागितलं. नवऱ्यानं ते इतक्या पटकन सोडलं की तिला आपण फसलो असं वाटलं. त्यानं घेतलं ते टेबलावरच्या शेगडीचं, जिथे आपणच भाजायचं, धूर आपणच खायचा आणि आभार मात्र मालकाचे मानायचे. अंधारात जेवायचं हॉटेल तिच्याकडे गेलं. मनोऱ्याच्या टोकावर गोल फिरणाऱ्या हॉटेलचं नाव निघालं तेव्हा दोघांनी एकाच क्षणी नाक मुरडलं.

"ते कुणालाच नको. सोडा," नणंद म्हणाली.

उरलं बस डेपोमागचं सूपवालं, आठ-दहा खुर्च्यांचं. त्यावरून जुंपली.

"ते मी शोधलं," तो म्हणाला.

"शोधलंस तू. खारट आहे हे मी सांगितलं."

"खारट आहे तर भांडताय कशाला?" नणंदेनं विचारलं. यावर दोघंही गालिच्याकडे बघत बसले. शेवटी तिनं सूप भावजयीला देऊन टाकलं, कारण भावाला रक्तदाब होता.

*

कच्चा मासा (तिच्या वाट्याचा)

तिच्याबरोबर एक भूलतज्ज्ञ होता. तिच्या दवाखान्यात अधूनमधून यायचा. विधुर, सभ्य, खुर्ची ओढून देणारा. मैत्रिणींचं मत होतं की असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

मासा इतका पातळ कापला होता की खालच्या बशीवरची फुलं मोजता यावीत. तिनं वाट पाहिली. या जागी कुणीतरी म्हणायला हवं होतं, "बशी मात्र पोटभर आहे."

"वा," भूलतज्ज्ञ म्हणाला. "किती नाजूक."

*

शेगडीचं हॉटेल (त्याच्या वाट्याचं)

इथे तिला बंदी. काय झालं ते कळायला थांबावं लागेल.

*

अंधारातलं हॉटेल (तिच्या वाट्याचं)

अंधारात माणूस दिसत नाही, नुसता "वा" ऐकू येतो. तसा "वा" पाच-सहा वेळा आला. बाहेर उजेडात आल्यावर लक्षात आलं की त्यांतला एक "वा" कागदी रुमालाच्या वाट्याला गेला होता. भूलतज्ज्ञाला त्याचंही वाईट वाटलं नाही. वेगळा पोत होता म्हणे.

भूल द्यायचं काम त्याचं, पण गुंगी येत होती तिला. घरी आल्यावर तिनं आरशात जीभ काढून बघितली. जीभ ठीक होती. तरी गेले कित्येक आठवडे कुठल्याच जेवणाला चव लागत नव्हती, आणि हे असंच चालू राहिलं तर वाटणीत मिळालेल्या एवढ्या इस्टेटीचं करायचं काय, हा प्रश्न होता.

*

सूप (तिनं भांडून मिळवलेलं)

पहिला चमचा घेतल्याबरोबर ती म्हणाली, "खारट आहे."

"समुद्राची आठवण येते," भूलतज्ज्ञ म्हणाला. मालकीणबाई तिकडे विरघळल्या आणि न मागता आणखी एक वाटी आली.

तिनं चमचा खाली ठेवला. "तुम्हांला कधी काहीच वाईट लागत नाही का हो?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "लागतं ना. पण मग मी ते खात नाही."

उत्तर इतकं शहाणपणाचं होतं की तिची उरलीसुरली आशा संपली.

*

फिरतं हॉटेल (कुणाच्याच वाट्याला न आलेलं)

त्यामुळे तिथे गेल्यानं कराराचा भंग होत नव्हता. हे तिनं लिफ्टमध्ये स्वतःला दोनदा बजावलं. दुपार होती, जेवायला चार टाळकी. फरशी आपल्या गतीनं फिरत होती. एक वेटर सूपची वाटी घेऊन आपलं टेबल कुठे गेलं ते शोधत होता.

खिडकीपाशी कुणीतरी पाव बशीवर आपटून त्याचा आवाज लक्ष देऊन ऐकत होतं. पाव असा तपासणारा इंजिनिअर या शहरात एकच.

"हे तुझ्या वाट्याचं नाही," ती म्हणाली.

"तुझ्याही नाही."

ती शेजारच्या टेबलावर बसली. शेजारी बसायला बंदी आहे का, हे नणंदेला विचारायचं राहिलं होतं. खाली शहर सावकाश सरकत होतं, वाटणीतली सगळी हॉटेलं पोटात घेऊन.

"शेगडीला गेलेलास?" तिनं खिडकीला विचारलं.

"गेलेलो. ऑफिसातल्या एक बाई होत्या बरोबर. त्यांना आवडलं."

"काय?"

"सगळं. मी जाळलेलं कोंबडंसुद्धा. म्हणाल्या, धुराची छान छटा आहे."

कागदांवर सह्या झाल्यापासून तिला पहिल्यांदाच त्याची मनापासून दया आली.

वेटर आला. "आपण एकत्र आहात का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

वेटर गेल्यावर नवऱ्यानं, म्हणजे माजी नवऱ्यानं, पावाची बशी आपल्या टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली. तिनं एक तुकडा मोडला, म्हणजे मोडायला दोन्ही हात लावले, आणि बराच वेळ चावला.

"कसाय?"

"असे पाव देत राहिले तर माझा दवाखाना जन्मभर चालेल."

तो इतक्या मोठ्यानं हसला की बाकीची टाळकी वळली. तिनं त्याला दटावलं. आणि तिला अचानक सपाटून भूक लागली. तिनं मेनूकार्डावर बोट ठेवून त्याला माशाबद्दल विचारलं.

"थांब," तो म्हणाला, "आधी माझं सूप येऊ दे. टेबल सापडेपर्यंत ते गार झालेलं असतं."