आनंदाबाईंची ओवी

हर्षा दोन वर्षांची असताना तिची आई आनंदाबाई काविळीनं गेली. आईचा चेहरा तिला एका फोटोतून ठाऊक होता, आवाज मात्र कुणाजवळच नव्हता. म्हणूनच वर्ध्याच्या कॉलेजातल्या मॅडमनी जेव्हा सांगितलं, की दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी संग्रहालयात तुझ्या आईच्या नावानं जात्यावरची ओवी ऐकायला मिळते, तेव्हा पोरीनं बापाचा पिच्छाच पुरवला.

तिच्या बापाला, तानबाला, ते रेकॉर्डिंग आठवत होतं. एक्क्याण्णव साली दोन माणसं टेपरेकॉर्डर घेऊन वेणा नदीकाठच्या त्यांच्या गावात आली होती. त्या दिवशी आनंदाबाई आणि शेजारची शकुंतलाबाई अशा दोघी आळीपाळीनं गायल्या होत्या. आता दोघीही राहिल्या नव्हत्या.

दिवाळीनंतर बापलेक दिल्लीला गेले. जुनी नाणी, मूर्ती, पेंढा भरलेला वाघ, कशापाशीच हर्षा थांबली नाही. वरच्या मजल्यावर एक जातं मांडलेलं होतं. शेजारी आनंदाबाईचा हसरा फोटो, खाली नाव, गाव, जिल्हा वर्धा. हर्षानं हेडफोन लावून बटण दाबलं आणि ती खाली फरशीवरच बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खूप वेळानं तिनं हेडफोन बापाच्या कानाला लावला.

आवाज शकुंतलाबाईचा होता.

आनंदाबाईची पाळी पुढे असेल म्हणून तानबा श्वास रोखून ऐकत राहिला. ओवी संपली, खट्ट झालं, आणि पुन्हा शकुंतलाबाईच सुरू झाली. हर्षानं हेडफोन परत घेतला, तसा तो कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला.

"साहेब, हा आवाज माह्या बायकोचा नोहे. दोघींच्या टेपा बदलल्या वाटते."

टेबलावरच्या माणसानं वही उघडून पाहिली. "बाबा, रेकॉर्ड में तो यही नाम है."

"मंग दुसरी टेप असंल ना कुठं?"

"उस गाँव की यही एक बची है. बाकी में फफूंद लग गई थी, सब फेंक दी." म्हणजे आनंदाबाईची टेप बुरशीनं गेली होती. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं तक्रारीचा कागद पुढं सरकवला. तानबानं पेन हातात घेतलं. काय लिहायचं, आणि लिहून कोण काय देणार, ते त्याला कळेना. मागं वळून पाहिलं तर हर्षा डोळे मिटून आयुष्यात पहिल्यांदा आईची ओवी ऐकत होती. त्यानं पेन ठेवून दिलं.

"बाबा," तो जवळ येताच ती म्हणाली, "माय अशीच बोले का? एवढ्या बारीक आवाजात?"

आनंदाबाईचा आवाज भरडा होता. तिनं हाक मारली की नदीपल्याडच्या वावरातही ऐकू यायची. ती हाक आठवायचा तानबानं जीव तोडून प्रयत्न केला, पण कानात शकुंतलाबाईच गात होती.

"हो," तो म्हणाला.

"तुमी काऊन रडता मंग?"

"काई नाई. आयक तू."

"एकडाव अजून आयकू?"

"आयक ना. गाडीले वेळ हाय."

तिनं बटण दाबलं. तानबा तिच्या बाजूला फरशीवर बसला. त्या फोटोकडे मात्र त्याला बघवेना.