सरूबाईंकडे ठेवलेली बरणी

डॉक्टरांनी शालनबाईंच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"मीठ जातंय पोटात," ते म्हणाले. "आणि थोडंथोडकं नाही. घरी स्वयंपाक कोण करतं?"

आबाजींनी जरा छाती काढूनच सांगितलं की मीच करतो, कंपनीच्या कँटीनला मुख्य आचारी आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत हिच्या जेवणासाठी मिठाच्या बरणीला हात लावलेला नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग शालनबाईंकडे. शालनबाईंनीही एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून म्हणाल्या, "त्यांचा काय दोष न्हाई. मीच खाती चोरून."

पिंपरीहून कासारवाडीला परतताना बसमध्ये आबाजी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

राग यायला कारणही तसंच होतं. बारा वर्षांपूर्वी जमीन कंपनीत गेली आणि बदल्यात आबाजींना कँटीनमध्ये नोकरी लागली. तिथे ते कांदे चिरण्यापासून मुख्य आचाऱ्यापर्यंत चढले ते हाताच्या चवीवर. नऊशे माणसांची आमटी, पण कुणी ती अळणी म्हणाला असेल तर शपथ. असा माणूस, शालनबाईंच्या किडन्या बिघडल्या म्हटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा घरच्या चुलीपुढे बसला होता. गल्लीतली माणसं हसली तरी बसला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. वरण नावाला. केळं, लोणचं, पापड बंद. पाणी ओतून दिलेला दोडका म्हणजे नुसता चोथा. त्याला चव आणायची तर हाताशी एकच गोष्ट होती, आबाजींचा कांदा-लसूण मसाला. दरवर्षी ते स्वतः उभे राहून तो कुटून घेत. एक चमचा पुरेना म्हणून ते दोनवर आले, दोनावरून तीनवर. शालनबाई पहिला घास घेऊन म्हणायच्या, "चव हाय." एवढ्यावर आबाजी दुसऱ्या दिवशी कँटीनभर सांगत सुटायचे की बिनमिठाचं जेवण रांधून दाखवलं, या कुणीही खायला.

आणि ही बाई चोरून मीठ खात होती.

घरी येताच त्यांनी मिठाची चिनी मातीची बरणी उचलली आणि शेजारी भावजयीकडे, सरूबाईंकडे नेऊन ठेवली. हिने मागितली तरी द्यायची नाही, असं अंगणातूनच बजावलं. आबाजींचा आवाज नऊशे माणसांना हाका मारून कमावलेला. अख्ख्या आळीला कळलं. पुढे शालनबाई कुणाकडे विरजण मागायला गेल्या तरी बाया हसून विचारायच्या, विरजणच पाहिजे ना, शालनताई? शालनबाईंनी बाहेर जाणंच सोडलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण महिन्याभराने भोसरीला नात्यात बारसं झालं. आबाजी आचारी, म्हणून पंगतीच्या कडेला उभे राहून वाढपावर देखरेख करत होते. शालनबाईंसाठी त्यांनी घरून डबा आणला होता. मीठ वाढणारी मुलगी शालनबाईंच्या पानाशी वाकली, तसे आबाजी तिथूनच म्हणाले, "तिला नगं वाढू. घरात चोरून खाती तेवढं बास हाय."

बायकांची सगळी पंगत हसली. शालनबाईंनी पानाकडे बघितलं आणि त्याही हसल्या. त्यांचं ते हसणं आबाजींना पुढे जन्मभर विसरता आलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी आमटीची बादली उचलली आणि ते पुढच्या पंगतीकडे गेले.

चैत्रात मसाला संपला. आबाजींनी मिरच्या वाळवल्या, धणे, लवंग, दगडफूल भाजलं, कांदा तळून घेतला, लसूण सोलला आणि सगळं सावित्रीबाईंकडे नेलं. दर उन्हाळ्यात सावित्रीबाई आणि त्यांची सून अर्ध्या कासारवाडीचा मसाला उखळात कुटून देत. सावित्रीबाईंनी एकेक पिशवी उघडून पाहिली, सगळ्या पाहून झाल्यावर इकडेतिकडे शोधलं आणि विचारलं, "आन् खडं मीठ?"

"कसलं मीठ?"

"आवो, मसाल्यात घालायचं. दरसाली तुमीच तर वजन करून आणता, अन् घाल म्हणून डोक्यावर हुबं ऱ्हाता. मिठाबिगर कीड न्हाई का लागायची?"

आबाजी उखळाच्या कडेला खालीच बसले. उन्हाचा त्रास झाला असेल म्हणून सावित्रीबाईंच्या सुनेने पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरलं, प्यायलं नाही.

मसाला टिकावा म्हणून त्यात मीठ घालायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आबाजींना तर त्याचं मापही तोंडपाठ होतं. पण ते मीठ म्हणून कधी त्यांच्या मनात आलंच नव्हतं. मीठ म्हणजे बरणीतलं. डॉक्टरांनी मीठ बंद म्हटलं, त्यांनी बरणी बंद केली, आणि इकडे बायकोच्या ताटात रोज मसाल्याचे तीन तीन चमचे ओतत राहिले, तेही कौतुकाने. आपण स्वतःला आचारी म्हणवतो याची त्यांना लाज वाटली. मग भोसरीची पंगत आठवली आणि ती लाज कुठे ठेवावी ते कळेना. आणि एक कोडं उरलंच. हिने चोरलं नव्हतं, तर ही कबूल का झाली?

मीठ न घालता कुटलेला मसाला घेऊन ते घरी आले. दोडका चिरला, उकळला, पाणी ओतून दिलं. लसूण चांगला लाल होऊ दिला, वर नवा मसाला घातला, उतरवल्यावर अर्धं लिंबू पिळलं. बिनमिठाची भाकरी थापली आणि ताट शालनबाईंपुढे ठेवलं. काय सांगायचं ते त्यांनी वाटेत तीन वेळा जुळवलं होतं, आता त्यातलं काही आठवेना.

शालनबाईंनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आज न्हाई टाकलं मीठ."

आबाजींनी मान वर केली.

"बरं केलं. लई दिस टाकत व्हता. मला काय कळत नव्हतं व्हय? म्हनलं, माझ्या तोंडाला चव ऱ्हावी म्हनून जीव तुटतोय मानसाचा."

"मग डाक्तरापुढं स्वतःवर का घेतलंस?"

"तुमी एवढं छाती काढून सांगत व्हता. तुमचं नाव सांगू व्हय त्याला?"

आता गप्प राहिलं असतं तरी निभावलं असतं. बायकोच्या मनात आपण प्रेमापोटी चोरी करणारे, तेच राहिलो असतो, असं आबाजींना क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. भोसरीला भर पंगतीत मी बोललो, तेव्हाही ही मला चोर समजूनच हसली आणि गप्प राहिली, हे आता त्यांना उमगलं.

"मी टाकत नव्हतो, शालन," ते म्हणाले. "मसाल्यात व्हतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

शालनबाईंचा हात भाकरीवर थांबला.

"म्हंजी चोरून कुनीच टाकत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास मोडला.

आबाजी उठले. सरूबाईंच्या अंगणात उभे राहून, बरणी ठेवायला आले होते त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, "वहिनी, बरणी द्या. हिनं मिठाचा खडा खाल्लेला न्हाई. माझ्या मसाल्यात व्हतं, मीच चारत व्हतो." दोन दारांतून बाया बाहेर आल्या. त्यांच्याकडे बघून आबाजींनी तेच पुन्हा एकदा सांगितलं. मग बरणी पोटाशी धरून ते घरी आले आणि चुलीजवळच्या कोनाड्यात, तिच्या जुन्या जागी, शालनबाईंच्या हाताला येईल अशी त्यांनी ती ठेवली.

शालनबाईंनी तिकडे पाहिलं नाही. ताटातली भाजी त्यांनी एका बाजूला ओढून घेतली आणि म्हणाल्या, "आनखी चतकोर वाढा."