खिडकीजवळची जागा

त्याचं काम दातांचं, पण तो दंतवैद्य नव्हता. दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांची चित्रं यायची आणि त्यावरून तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर दातांच्या कॅप घडवायचा. मग त्या दुसरीकडे कुठल्याशा यंत्रावर कोरल्या जायच्या आणि कुणाच्या तरी दाढेवर जाऊन बसायच्या. कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, कोण रागीट आहे, हे त्याला दाढांच्या झिजेवरून सांगता यायचं. चेहरा मात्र त्याने एकाचाही पाहिला नव्हता.

पूर्वी हे काम करणारे सगळे एका मोठ्या खोलीत बसायचे. तिथे त्याचं नाव ‘कवळी’ पडलं होतं. पुढे मालकाने ती जागा सोडली आणि प्रत्येकाला आपापला कॉम्प्युटर घेऊन घरी पाठवलं. बाकीच्यांनी कुरकूर केली. त्याने केली नाही, कारण तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याजवळ कुणीतरी असायला हवंच होतं. आई गेली मागच्या हिवाळ्यात. तो घरीच राहिला.

उन्हाळा चढला तसा कॉम्प्युटर रुसू लागला. आधी नुसता अडखळायचा. मग एका दुपारी, एका खालच्या दाढेचे उंचवटे नीट जुळत आले असताना, पडदा एकदम काळा झाला. वीज होती, वरचा पंखा फिरत होता. पुन्हा चालू केला, थोडा वेळ चालला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा तो त्याला मोठ्याने म्हणाला, “बाबा रे, हवंय तरी काय तुला?” स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला. सकाळपासून पहिल्यांदाच तो तोंडाने काही बोलला होता.

त्याने जुन्या खोलीतल्या जाड्याला फोन लावला. जाड्या तिथे सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करून द्यायचा.

“कवळी! अरे, जिवंत आहेस होय?” जाड्या ओरडला. त्याच्या मागे बरीच माणसं हसत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

“कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय.”

“तापतोय. प्रोसेसरचं तापमान बघ किती दाखवतंय.”

“बघितलं. काम नसताना पंचाहत्तर. काम सुरू केलं की पार अठ्ठ्याण्णवपर्यंत जातं.”

“मग बंद नाही पडणार तर काय! जीव वाचवतोय तो स्वतःचा. उघड, धूळ काढ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल ती बदल. आणि पंखे बघ. पुढच्याने हवा आत ओढायची, मागच्याने बाहेर फेकायची. ठेवलायस कुठे?”

“कपाटात.”

“कपाटात? अरे, तो काय दागिना आहे?” जाड्याने ही गोष्ट तिथल्या तिथे बाकीच्यांना सांगितली आणि हशा पिकला. मग कुणीतरी त्याला हाक मारली. “चल, नंतर बोलू,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

कपाटाला कारण होतं. खोली एकच, आणि आईचा पलंग खिडकीजवळ. कॉम्प्युटरचे पंखे सुरू झाले की आई म्हणायची, “तुझं ते यंत्र माझ्यापेक्षा जास्त घोरतं.” त्याचे लुकलुकणारे दिवेही तिला सोसायचे नाहीत. म्हणून त्याने टेबलाशेजारच्या भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, कॉम्प्युटर आत सारला, वायरींपुरतं भोक पाडलं आणि दार लावून घेतलं. ते दार तो अजूनही रोज लावत होता.

त्याने कॉम्प्युटर बाहेर काढला आणि बाजूची पत्र्याची झाकणी उघडली. आत धुळीची घोंगडीच विणली गेली होती. प्रोसेसरवरच्या पातळ धातूच्या पात्यांमधून उजेडही पलीकडे जात नव्हता. दातांचे साचे साफ करायचा बारीक ब्रश त्याच्याकडे होता. किडलेल्या दाढेची खाच साफ करावी तशी त्याने एकेक फट साफ केली. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून पुसली. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी झाली होती. ती खरवडून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, त्याने नाक्यावरच्या दुकानातून आणलेली नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी ठेवली आणि पात्यांचा ठोकळा हलक्या हाताने दाबून बसवला.

मग मागचा पंखा. त्याने कागदी रुमालाचा एक तुकडा मागच्या जाळीजवळ धरला. तो बाहेर फडफडायला हवा होता. तो चटकन जाळीला चिकटला. पंखा उलटा बसवलेला होता! पुढचाही हवा आत ओढत होता, मागचाही आतच ओढत होता, आणि गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. त्याला हसू आलं. चूक इतकी नामी होती, की कुणालातरी दाखवावी म्हणून त्याने मान वळवली. खिडकीजवळ पलंग होता, त्यावर चौकोनी घडी घातलेली चादर होती.

पंखा सुलटा केला. तापमान ऐंशीच्या घरात आलं. पण कप्प्यात ठेवून दार लावलं की थोड्याच वेळात पुन्हा नव्वद. दार उघडं ठेवूनही फारसा फरक पडेना, कारण मागे भिंत होती आणि बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुढूनच आत जात होती. कॉम्प्युटरला मोकळी जागा हवी होती, चारही बाजूंनी. खोलीत तशी जागा एकच होती.

संध्याकाळी त्याने ताईला फोन केला. ताई दुसऱ्या शहरात, तिच्या संसारात. ती दर रविवारी फोन करायची. आज रविवार नव्हता.

“काय झालं?” तिने घाबरून विचारलं.

“काही नाही. कॉम्प्युटर तापतोय. त्याला खिडकीजवळ ठेवायचाय. तर पलंग हलवू का?”

“कुठला पलंग?”

“आईचा.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ताई हळूच म्हणाली, “अजून आहे तो? मी समजत होते तू तेव्हाच देऊन टाकलास.”

“नाही.”

“मग तू झोपतोस कुठे?”

“खाली. गादी घालतो.”

“अरे, पलंग रिकामा असताना?” ताईचा आवाज चढला आणि तितक्याच पटकन उतरला. “मी येऊ का?”

“नको गं. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला.”

“हलव,” ती म्हणाली. “मला विचारत बसू नकोस. हलव.”

सकाळी त्याने प्रयत्न केला. पलंग लोखंडी होता, एकट्याला हलेना. एक टोक उचललं की दुसरं फरशीवर करकरायचं. उचलायला आणखी कुणीतरी हवं होतं. तो जिन्यात येऊन उभा राहिला आणि इमारतीत कुणाला हाक मारावी हे आठवू लागला. एकही नाव सुचेना. शेवटी त्याने भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं दार वाजवलं. तो बस चालवायचा, एवढंच त्याला गणवेशावरून माहीत होतं.

ड्रायव्हरने दार उघडलं. नुकताच कामावरून आला असावा, एका पायात बूट होता.

“जरा हात लावता का? पलंग सरकवायचाय.”

“चला की,” ड्रायव्हर म्हणाला आणि दुसरा बूट काढून अनवाणीच आला.

दोघांनी पलंग उचलला. ड्रायव्हरने खोलीभर नजर फिरवली. “पलंग तुमचा?”

“आईचा. ती गेली मागच्या हिवाळ्यात.”

ड्रायव्हर थबकला. पलंग दोघांच्या हातांत तसाच अधांतरी राहिला. “इथे राहायच्या? या खोलीत?”

“हो.”

“मला कधी कळलंच नाही हो. हिवाळ्यात मी रजेवर गेलो होतो.” त्याने पलंगाचं टोक हळूच खाली टेकवलं. “तुमच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. मोठ्याने. मला वाटायचं तुम्ही फोनवर बोलता. काय एवढं बोलतो माणूस, असं वाटायचं.”

“तिला कमी ऐकू यायचं.”

“हं. रजेवरून आलो तर आवाज बंद. म्हटलं, झालं असेल कुणाशी तरी भांडण.” ड्रायव्हर ओशाळला. “भलतंच बोलतोय मी. माफ करा.”

“नाही, नाही,” तो म्हणाला. एवढी वर्षं त्या भिंतीपलीकडे आई नव्हतीच. तिथे नुसता फोनवर मोठ्याने बोलणारा एक माणूस राहत होता. आई या खोलीत होती हे ठाऊक असलेली माणसं त्याने मनात मोजली. डॉक्टर, ताई, तो. मोजणं तिथेच संपलं.

पलंग दारापाशी आला, पण तिथे तो ठेवता येण्यासारखा नव्हता, येण्याजाण्याची वाटच बंद होत होती. “हा आता ठेवणार कुठे?” ड्रायव्हरने विचारलं.

“तुम्ही कशावर झोपता?”

“मी? चटई टाकतो. दिवसा झोपायचं तर काय, पाठ टेकली की पुरे.”

“मग घेऊन जा.”

“अहो, असं कसं? आईंचा आहे.”

“घेऊन जा,” तो म्हणाला. “चांगला आहे. मोडला नाहीये.” ड्रायव्हरने पुन्हा आपलं टोक धरलं. दोघांनी पलंग कडेवर उभा करून दारातून काढला आणि पलीकडच्या खोलीत नेला. तिथे एक चटई, एक बॅग आणि खुंटीवर दोन गणवेश होते. ड्रायव्हरने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो प्यायला. आईबद्दल काहीतरी सांगावं असं त्याला फार वाटलं, पण ड्रायव्हरचे डोळे झोपेने मिटत होते. तो उठून आला.

खिडकीजवळ फरशीचा एक लांबट तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ निघाला. त्याने तो पुसला, टेबल तिथे ओढलं आणि कॉम्प्युटर टेबलाच्या बाजूला, भिंतीपासून हातभर लांब, एका लाकडी घडवंचीवर ठेवला. कागदी रुमालाचा तुकडा पुन्हा धरून पाहिला. या वेळी तो बाहेर फडफडला. पडद्यावर ती दाढ पुन्हा उघडली. पासष्ट. अडुसष्ट. काम वाढवलं, सगळे पृष्ठभाग एकदम घडवायला लावले. बहात्तरवर आकडा थांबला आणि तिथेच राहिला. पंख्यांचा आवाज इतका कमी झाला होता, की यंत्र चालू आहे की नाही हे पाहायला त्याने त्याच्यावर हात ठेवला. पत्रा थंड होता.

दुपारी भिंतीपलीकडे ड्रायव्हर कूस बदलत असावा. पलंगाच्या स्प्रिंगा वाजल्या. तो काम सोडून ऐकत बसला. थोड्या वेळाने पलीकडे शांत झालं.

त्या दिवशीही रविवार नव्हता, तरी संध्याकाळी ताईचा फोन आला.

“गेला पलंग?”

“शेजारी दिला. बस चालवतात ते.”

“ओळखीचे आहेत?”

“आता झाली ओळख.”

“बरं केलंस. आणि तुझा कॉम्प्युटर?”

“चाललाय. बहात्तरच्या वर जात नाही.”

बहात्तर म्हणजे काय हे ताईला कळलं नसावं. तरी ती म्हणाली, “छान.” मग जरा थांबून म्हणाली, “खोली दाखव ना मला.”

त्याने व्हिडिओ सुरू करून फोन फिरवला. टेबल, खुर्ची, खिडकी आणि टेबलाखालून दिसणारी ती उजळ फरशी. ताई पाहत राहिली. त्याला पडद्यावर तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

“केवढी मोठी दिसते रे,” ती म्हणाली.

“हो.”

“जेवलास?”

“जेवेन आता.”

तिला मागून मुलांनी हाक मारली. ती जायला निघाली, पण फोन बंद करायला दोघांनाही जरा वेळ लागला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दाढेचा शेवटचा उंचवटा घासून घासून जुळवला.