गडग्यावरची गुळवेल

माझ्या कॉनरॅडला चालायला मी शिकवलं. पस्तिशीत त्याचे पाय लटपटायला लागले तेव्हाही मीच धरून अंगणात फिरवलं. म्हणून सुनेनं माझ्या हातातला पेला काढून घेतला तेव्हा माझं डोकं का फिरलं, ते कुणी विचारू नये.

पेल्यात गुळवेलीचा काढा होता. आमच्या काजूच्या बागेभोवती दगडी कुंपणाचा गडगा आहे, त्यावर सासूनं चढवलेली वेल. तापाला पार कट्टा गावाहून माणसं ती न्यायला येतात. कॉनरॅडचे पाय बधिर झाले, एक डोळा धुरकटला, तेव्हा अंगात ताकद यावी म्हणून रोज मी उकळून द्यायचे. सून रोशेल त्याला दर महिन्याला गोव्यात नेते. तिथं सलाईनमधून औषध चढतं आणि सोबत एकालाच आत सोडतात. एक म्हणजे तीच. परत आली की अर्धी डॉक्टरीण.

"मांय, काढो बंद करा," ती म्हणाली. "ताकद वाढता, तीच ह्यांका खाता."

कालची आलेली पोर. म्हटलं, पुढच्या खेपेला आत मी बसणार. कॉनरॅड काहीतरी म्हणणार होता, तिनं त्याला डोळ्यानं गप्प केलं. माझ्या मुलाला डोळ्यानं गप्प करते!

तर गेले. रोशेल बाहेर बाकावर. आत सुई लागली, मी कॉनरॅडचा हात धरला. हात माझ्याकडे आणि नजर दाराच्या काचेवर.

डॉक्टरला काढ्याचं मीच विचारलं. बरा माणूस, शांतपणे सांगितलं. रक्तात राखणदार पेशी असतात, मेंदूभोवती भिंत असते. एरवी भिंत त्यांना आत फारशी सोडत नाही. या दुखण्यात त्या भिंतीला चिकटतात, फटीतून अंग चोरून आत जातात आणि नसांवरचं वेष्टण कुरतडतात. सलाईनमधलं औषध त्यांची पकड सोडवतं, मग भिंतीला चिकटता येत नाही. गुळवेल त्याच राखणदारांना चेव आणते असं वाटतं, म्हणून नको.

"म्हणजे गडगो चढणारे आमचेच राखणदार?" मी म्हटलं. "आपल्या माणसाक परको कसो समजतत?"

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, आजी."

कॉनरॅड माझ्याकडे बघून हसला. मी हात सोडला.

घरी येऊन कोयता घेतला. गुळवेल मुळाशी कापून मरत नाही, वरूनच दोऱ्यासारखी मुळं सोडते आणि पुन्हा जमीन धरते. सगळी खाली ओढावी लागली. रोशेल न सांगता दुसऱ्या टोकाला येऊन ओढू लागली. मी तिला नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. लोकांना ताप आला तर आणतील दुसरीकडून.

पुढच्या महिन्यात निघताना कॉनरॅड बेसांव घ्यायला माझ्यापुढे वाकला. आमच्यात घराबाहेर पडताना मोठ्यांचा आशीर्वाद घेतात, तोच बेसांव. त्याच्यामागे रोशेलनंही डोकं वाकवलं. इतके महिने तिला कधी दिला नव्हता, तिनंही मागितला नव्हता. मी हात ठेवला, जरासाच.

"तूच बस आत," मी म्हटलं. "तो काचेतसून बघीत ऱ्हवता, माका आवडणा नाय."

पेजेचा डबा मात्र मी माझ्या हातानं भरला, आणि कॉनरॅडच्याच हातात दिला.