कणगीवरचा हात

चौक गावच्या त्या दिवाणखान्यात एकूण सत्तेचाळीस वस्तू होत्या. तैलचित्रं एकोणीस, जपानी छापचित्रं अकरा, आफ्रिकेतले लाकडी मुखवटे नऊ, मेक्सिकोची मातीची भांडी सात आणि लोधिवलीची कणगी एक.

बंगला खोरशेदबाईंचा. त्या स्वतः चित्रकार. युरोपात लढाई सुरू झाली तेव्हा पॅरिस सोडून आल्या आणि वडिलांच्या हमरस्त्यावरच्या बंगल्यात जमवलेलं सगळं मांडून बसल्या. दर रविवारी दार सगळ्यांना उघडं. पुण्याकडून येणारे मोटारवाले म्हणायचे, चित्रांचा बंगला दिसला म्हणजे घाट सुटला. आत देशादेशांच्या वेगळ्या खोल्या नव्हत्या. मुखवट्याला खेटून पॅरिसचं तिरक्या तोंडाच्या बाईचं चित्र, त्याच्या पायाशी मेक्सिकोचा घडा. "सोयरीक बघणाऱ्यानं जुळवायची," बाई म्हणत.

सेहेचाळीस साली आबाजी बी.एस्सी. होऊन लोधिवलीला परतला आणि नोकरी मिळेपर्यंत बाईंकडे मोजमापाच्या कामाला लागला. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड करायचं, त्यावर लांबी, रुंदी आणि जी काय खूण असेल ती लिहायची. याच मातीतलं काहीतरी मधोमध हवं, असं बाईंनी म्हणताच त्याला सोनुकाकीच्या पडवीतली कणगी आठवली. लोधिवलीतलं त्याच्या शेजारचंच घर. काकीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि "ने" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो बैलगाडी घेऊन गेला तेव्हा कणगी शेणमातीनं ताजी सारवलेली होती आणि पोटावर तांदळाच्या पिठाचा पांढरा हात उमटवलेला होता. कार्डावर त्यानं लिहिलं: बांबूची कणगी, भात साठवण्याची. उंची चार फूट. हाताचा ठसा एक, लांबी सव्वासहा इंच.

महिन्याभरानं, एका रविवारी, सोनुकाकी स्वतःच आली. नवं लुगडं, पायांवर लोधिवलीपासूनची धूळ. वाटेतल्या एका मुखवट्यापाशी थबकली.

"ह्यो कोन रं?"

"आफ्रिकेतला आहे, काकी."

"आमचं मामंजी वाटलं. जेवाय उशीर झाला का असंच बघायचं."

आबाजी हसला. काकी हसली नाही. ती थेट कणगीपाशी गेली, वस्तूंपुढं बांधलेल्या दोरीखालून वाकली आणि बोटाच्या पेरानं पांढऱ्या हाताच्या बाजूबाजूनं ठोकू लागली. मग तिथं कान लावला.

"अरे बाई, हात नको लावू!" खोरशेदबाई खुर्चीतून उठल्या.

"फुगलंय," काकी आबाजीला म्हणाली. "ऐक."

त्यानं ठोकून पाहिलं. इतर ठिकाणी भरीव आवाज येत होता, हाताच्या ठशाखाली मात्र पोकळ. कडेनं केसाएवढी भेगही गेली होती.

"आबाजी, ह्याच्याखाली आवडीचा हात हाय रं."

त्याला एकदम दिवाळी आठवली. नवं भात भरायच्या आधी कणगी सारवायची आणि घरातल्या धाकट्या मुलीनं तिच्यावर हात उमटवायचा, ही काकीच्या घरची रीत. काकीची पाच वर्षांची लेक आवडी कोपरापर्यंत पिठात हात बुडवायची. कणगीवर एक हात उमटवला की ओल्या हातानं अंगणभर आबाजीच्या मागं धावायची. कॉलेजच्या सुट्टीत आणलेल्या त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवर, तिनं हात उमटवला होता. सदरा धुतला, हात गेला. पुढच्या पावसाळ्यात तापानं आवडी गेली तेव्हा आबाजी पुण्यात होता. त्यानंतर चार दिवाळ्या काकीनं कणगी सारवली नव्हती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"मग मला 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"तू पहिल्यांदा काय तरी मागितलंस. आनि चार सालांची पोपडं निघालेली कनगी परक्याच्या घरी कशी धाडू? लोक काय म्हनतील? सकाळी सारवाय बसले. जुनं खरवडल्याबिगर नवं बसत नाय, ठावं हाय मला. पन खरवडाय हात धजला नाय. तसंच लिंपलं, आनि तिच्या हातावरच माझा हात ठेवला. मला एकदा बघाय मिळंल काय, तेवढं विचार बाईंना."

आबाजीनं विचारलं. खोरशेदबाई कणगीजवळ आल्या.

"डिकरा, वस्तू आली तशी ठेवायची. हा नियम कोणी लिहिला?"

"मीच लिहिला."

"मग?"

"मग चूक माझी आहे, बाई. मी मागितली तेव्हा वस्तू अशी नव्हती. मी नीट विचारलं असतं तर कार्डावर दोन हात लिहिले असते." तो भेगेवर वाकला. "खालच्या पिठामुळं वरचा थर धरलेला नाही. पावसाळ्यात तो आपोआप पडेल, पण पडताना खालचं घेऊन पडेल. आज कोरडा आहे."

खोरशेदबाई काकीकडे वळल्या. "पण वरचा तुझा हात जाईल, बाई. तो छान आहे. मला आवडतो."

"माझा हात हाय की माझ्यापाशी," काकी म्हणाली.

बाई आत गेल्या आणि रंग खरवडायची पातळ सुरी घेऊन आल्या. ती त्यांनी आबाजीला दिली नाही, काकीला दिली.

काकीनं पातं भेगेत सरकवलं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटला. आधी करंगळी, मग तळव्याची कड. सुटलेले तुकडे आबाजी ओंजळीत झेलत होता. अंगठ्यापाशी काकी थांबली, फुंकर मारली आणि शेवटचा तुकडा दोन बोटांनी उचलला.

खालचा हात पिवळट झाला होता. पीठ मनगटाखाली ओघळल्याची रेघसुद्धा जशीच्या तशी होती. काकीनं त्याच्यावर हात ठेवला नाही. एक बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं.

"मोज," ती म्हणाली.

आबाजीनं पट्टी लावली, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत. कार्डावरचा सव्वासहा इंचाचा आकडा खोडला आणि त्याच्यापुढं लिहिलं: लांबी चार इंच तीन सूत.