कोरडा टोस्ट

आमच्या घरात सगळं खापर नसांवर फुटायचं. जुन्या काविळीनं ह्यांचं लिव्हर खराब झालेलं, त्यामुळे अन्ननलिकेतल्या नसा फुगलेल्या. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी, हे आम्हाला तोंडपाठ. म्हणून कोरडा टोस्ट गिळताना बोचतो म्हणत हे तो चहात बुडवून खायला लागले, तेव्हा मीही म्हटलं, नसाच असतील.

मग चहाही बोचायला लागला. आमचे हे भाजीबाजारात लिलाव पुकारतात, आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो. पण डॉक्टरीणबाईंसमोर पुटपुटले, "नसाच आहेत हो."

"नसा बोचत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीतून बघू."

नसांना अगदी खेटून नखाएवढा डाग निघाला. कॅन्सर, पण वरच्या थरातच. मोठं ऑपरेशन ह्यांच्या लिव्हरला झेपणारं नव्हतं, आणि दुर्बिणीतून डाग सोलायचा तर शेजारची नस फुटायची भीती.

"मग काय, हातावर हात ठेवून बसायचं?" मी फटकन बोलले.

बाई रागावल्या नाहीत. "आधी नसा रबराच्या कड्यांनी बांधू. पण डागापासून लांब, नाहीतर तिथं व्रण पडून डाग सुटायचा नाही. नसा बसल्या की डाग काढू."

नसा बसेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. हे मात्र मलाच चिडवत. "मला इतक्यात कोण उचलतंय? अजून बोली कुठं लागलीय?" मला हसू यायचं नाही, राग यायचा.

डाग काढून बाई बाहेर आल्या, त्या डोक्यावरची टोपी काढतच. "अख्खा निघाला. रक्त थेंबभर." मी त्यांचे हात धरले ते सोडवेनात. पुढे तपासणीत डागाच्या कडाही स्वच्छ निघाल्या.

जखम भरेपर्यंत सगळं पातळच. बाईंनी परवानगी दिली त्या सकाळी मी चहाचा कप मुद्दाम लांब सरकवला. ह्यांनी कोरडा टोस्ट कडकन चावला, सावकाश चघळला, गिळला. माझी नजर गळ्यावरच.

"बोचला?"

"नाही गं."

"खरं सांगताय ना?"

उत्तर द्यायचं सोडून ह्यांनी दुसरा टोस्ट उंच धरला आणि बाजारातल्या आवाजात पुकारलं, "एक वार, दोन वार, तीन वार!"

शेजारीण घाबरून खिडकीत आली. मी पदरानं डोळे पुसत तिला म्हटलं, "काही नाही गं, आमचे हे टोस्ट खातायत."